जुळ्यांचे सर

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर होते. 'कसं काय, बरं आहे ना' असं त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. 'तुमच्या गावात जुळी आहेत का?' हाच त्यांचा नमस्कार. चहाच्या टपरीवर, एसटीत, बँकेच्या रांगेत, समोर माणूस आला की प्रश्न ठरलेला. एकदा आमच्या हेडक्लार्कच्या वडिलांची तेरवी होती. पंगत बसली होती. भात वाढणारा गृहस्थ सरांच्या पानापाशी आला आणि सरांनी त्यालाच धरलं. तो बिचारा गेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ, डोळे अजून लाल. म्हणाला, "हायेत जी, दोन जोडे हायेत. पहिले भात त घ्या." सरांनी भात राहू दिला आणि दोन्ही जोड्यांची नावं घेतली. हेडक्लार्क त्यानंतर बरेच दिवस सरांशी बोलला नाही, आणि ही गोष्ट सरांच्या लक्षातही आली नाही.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो मराठीमुळे. नागपूरच्या कुणा संशोधकानं सरांना पूर्वी एक काम दिलं होतं. जुळी शोधायची, त्यांना ठरावीक प्रश्न विचारायचे, आणि उत्तरांवरून ती एका बीजाची की दोन बीजांची हे ठरवायचं. रक्त तपासायला पैसा लागतो, प्रश्न फुकट असतात. प्रश्नावली इंग्रजीत होती आणि मी मराठीची प्राध्यापिका, म्हणून भाषांतर माझ्या गळ्यात आलं. पुढे तो संशोधक दुसऱ्याच कामाला लागला. सरांना हे कुणी कळवलं नाही, किंवा कळवलं असेल आणि यांनी ऐकलं नसेल. सर प्रश्न विचारत राहिले आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी कागद भरत राहिले.

त्यात एक प्रश्न होता, लहानपणी तुम्ही एका शेंगेतल्या दोन वाटाण्यांसारखे होता का? मी तसाच उतरवला. सरांनी कागद परत केला. "वाटाणा कोण पेरतं आपल्याकडे? लाखोळी लिहा." धानानंतर आमच्याकडे पेरतात ती लाखोळीची डाळ मी लिहिली. इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या एका गावात हा प्रश्न एका म्हातारीला, तिच्या नातवांबद्दल, विचारला. ती म्हणाली, "शेंगेतला एक दाना कधी कधी किडका निघते ना जी?" मी हसले. सरांनी मात्र मला तिचं वाक्य कागदाच्या कडेला जसंच्या तसं लिहायला लावलं.

जुळी समोर आली की सर त्यांच्याकडे पाठ करून बसत. खुर्ची भिंतीकडे फिरवायची, खाट असली तर तिच्यावर तोंड फिरवून मांडी घालायची आणि भिंतीला प्रश्न विचारायचे. "पाहिलं की मनात निकाल लागून जातो," ते म्हणत. "मग प्रश्न नावापुरते. डोळ्यांना विचारू नका मॅडम, माणसाला विचारा." हे मला समजायचं, गावाला कसं समजणार? "मास्तर रुसले का जी?" असं बायका मलाच हळूच विचारायच्या. एका गावात चार-पाच पोरं सर आणि भिंत यांच्यामध्ये शिरून भिंतीवर काय आहे ते बघायला लागली. सर त्यांना म्हणाले, "बाजूला व्हा, मी ऐकून राहिलो."

दुसरी खोड चहाची. प्रश्न संपेपर्यंत ते कुणाच्या घरचा चहा घेत नसत. आपण चहा घेतला की माणसाला आपल्याला बरं वाटेल तेच सांगावंसं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे पाहुण्यानं चहा नाकारणं म्हणजे घराचा अपमान. बौद्ध वस्तीत एका आजोबांनी तर सरळ विचारलं, "आमच्या घरचं पानी नाइ चालत का तुमाले?" सरांचा चेहरा पडला. त्यांनी तिथल्या तिथे दोन कप चहा घेतला, पाठोपाठ, आणि त्या घरची प्रश्नावली बाद केली. आजोबांना हे कळलं असतं तर तेही चिडले असते, पण ते मी कळू दिलं नाही.

सगळ्या प्रश्नांत सरांच्या लेखी वजनाचा प्रश्न एकच. तुमच्यात कोण फसतं? शेजारी फसतात, मास्तर फसतात, याला ते फार किंमत देत नसत. "परक्याला सगळीच सारखी. एकसारखं दिसतं असं सांगणारा माणूस नीट बघत नाही, एवढंच त्यावरून कळतं." बाप फसतो का, आई फसते का, पाठमोरं पाहून फसते की तोंड पाहूनही फसते, हे ते खोदून खोदून विचारत. आजीला मोतीबिंदू असेल तर आजीचं उत्तर बाद. आणि इतकं करूनही ते कधी छातीठोक बोलत नसत. 'बहुतेक एका बीजाचे' किंवा 'बहुतेक दोन बीजांचे', आणि खात्री करायची तर रक्त तपासा, हे वर.

सौंदडकडच्या दोन म्हाताऱ्या भावांची गोष्ट तर आम्ही स्टाफरूममध्ये कितीदा सांगितली असेल. सत्तरी ओलांडलेले जुळे भाऊ, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालेलं आणि बोलचाल बंद. जन्माच्या वेळी वार दोन निघाल्या होत्या, त्यामुळे 'आमी येगळेच' हे दोघांनाही मान्य, किंबहुना एवढी एकच गोष्ट दोघांना मान्य. सर म्हणाले, दोन वारांवरून काही ठरत नाही, एका बीजाच्या जुळ्यांनाही दोन असू शकतात. मग एकाला त्याच्या ओसरीवर विचारलं आणि दुसऱ्याला समोरच्या घरी. दोघांची दाढ एकाच बाजूची पडलेली, दोघांना वांग्याची खाज. भावाबद्दल विचारलं तर दोघांनी एकच शिवी दिली. निकाल सांगितल्यावर थोरला काठी घेऊन उठला. "मी त्याच्यासारखा?" आणि समोरून आवाज आला, "कोन म्हनते मी त्याच्यासारखा?" आम्ही स्कूटर सुरू करून निघालो.

सरांचा स्वतःचा जुळा भाऊ लहानपणी गेला, म्हणून हे वेड, अशी एक कथा कॉलेजात फिरत होती. मी एकदा विचारलंच. "छे," ते म्हणाले, "मी एकटाच आलो. आई म्हणायची, एकटाच दोघांना पुरून उरलास." गोंदियात राइस मिलच्या मागे त्यांचं घर. त्यांच्या बायकोनं मला गरम भजी वाढत सांगितलं होतं, "हमसे तो आज तक इन्होंने एक सवाल नहीं पूछा." ती हसली, पण ते वाक्य मी घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

समता आणि ममता आमच्या कॉलेजात बीएस्सीला होत्या. तिरोड्याजवळच्या गावच्या. त्यांच्या अंगणातून वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात, बाप तिथेच ठेकेदाराकडे कामाला. दोघींची एकसारखी वेणी, एकाच रंगाची ओढणी, हसणंही बरोबर. अख्खं कॉलेज त्यांना 'त्या दोघी' म्हणायचं. कोणती कोण हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे, आणि त्यांना त्याची मौज वाटायची. सरांनी तीन वर्षं वर्गात त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. हजेरी घेताना मान खाली. शेवटच्या वर्षी ममताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं, परीक्षेनंतर लग्न ठरलं, तेव्हा सर म्हणाले, आता हिची गाठ पडायची नाही, भरून घेऊ.

प्रयोगशाळेत खुर्ची भिंतीकडे फिरवून सर बसले. आधी समताला विचारायचं ठरलं, ममता बाहेर व्हरांड्यात. एकीच्या जागी दुसरी गेली आणि कुणाला कळलं नाही असं कधी झालं का, हा प्रश्न आला आणि समता खूश झाली.

"सर, एकदम मजा झाली होती. नववीत सिकलसेलवाले शाळेत आले. ममताले सुईची लय भीती, रडून राहिली होती. मी बोट टोचून घेतलं, वर्गात गेली, पाच मिनिटांनी परत रांगेत. तिचं नाव सांगतलं अन् दुसरं बोट पुढे केलं. त्या मॅडमले पत्ताच नाइ. दोघींचं कार्ड आलं, एकदम सेम, नॉर्मल."

मीही हसले. आमच्या भागात सिकलसेल कुणाला समजावून सांगावा लागत नाही, तरी सांगते. हा रक्ताचा आजार आई-बापाकडून येतो. एकाच बाजूनं आला तर माणूस नुसता वाहक राहतो, त्याला फारसा त्रास नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र लेकराला आजार होऊ शकतो, आणि ते लेकरू हाडं दुखतात म्हणून रात्रंदिवस रडतं. म्हणून आमच्याकडे सोयरिकीत शिक्षण आणि शेतीबरोबर मुलीचं आणि मुलाचं तपासणीचं कार्डही पाहतात. एका बीजाच्या जुळ्यांचं रक्त सारखंच असणार, तेव्हा समतानं दोनदा बोट दिल्यानं काही बिघडत नव्हतं. दोन बीजांच्या असतील तर ममताचं रक्त आजवर कुणी तपासलेलंच नव्हतं.

सरांनी पुढचे सगळे प्रश्न विचारले. आवाज नेहमीचाच होता. मग त्यांनी भिंतीकडे पाहूनच विचारलं, "ममताचा होणारा नवरा, त्याचं कार्ड कसं आहे?"

"तो वाहक हाये सर. त्याची मोठी बहीन त्याच्यातच गेली. म्हनून त त्याईले नॉर्मल कार्डवालीच पाह्यजे होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या गावाला गेलो. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी, सरांचं तोंड त्यांच्याकडे. तुम्ही कधी चुकता का, या प्रश्नावर आईनं सूप खाली ठेवलं.

"मी कायले चुकू जी?"

"अंधारात?"

"अंधारात त अजूनच नाइ. ममताचे पाय थंडे राह्यतात. बाप त पावलाच्या आवाजावरून सांगते, कोन आली."

"कान?"

"ममताच्या कानाच्या पाळ्या सुट्या, समताच्या चिकटलेल्या. कान टोचाले बसवलं तवा सोनारच बोलला होता."

सरांनी आणखी बरंच विचारलं. परके सगळे फसत होते, घरातलं कुणीच कधी फसलं नव्हतं. बहुतेक दोन बीजांच्या, मी कागदावर लिहिलं.

ममता आम्हाला पोचवायला गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत, बोडीपर्यंत आली. सरांनी तिला सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. रक्त तपासून घे, आणि लग्नाआधी घे.

"सर, साक्षगंध झालं. कार्ड पाहूनच झालं," ती म्हणाली. मग, "तुमचा कागद चुकू शकते ना?"

"चुकू शकतो."

"मंग चुकला समजा ना सर."

"मी समजेन. उद्या तुझं लेकरू दुखतंय म्हणून रडलं तर त्याला काय समजावशील?"

ती वळून घराकडे चालायला लागली. परत जाताना मी सरांना खूप बोलले. पोरगी चार महिने त्या मुलाशी फोनवर बोलते आहे, हरखून गेली आहे, तुमचं बीज घेऊन बसलात, तुम्हाला कुणी विचारलं होतं? सर स्कूटर चालवत राहिले. तिरोड्याच्या रेल्वे फाटकावर गाडी जायची होती म्हणून थांबावं लागलं, तेव्हा म्हणाले, "माझं काय चुकलं ते सांगा, मी परत जातो आणि तिला सांगतो." मला त्यांचा राग येत होता, आणि ते बरोबर होते म्हणून जास्त येत होता.

समताला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. सगळं आपल्यामुळे झालं असं तिनं घेतलं. सर तिला म्हणाले, "सगळं गाव तुम्हाला एक समजलं, तशी तूही समजलीस. यात तुझं वेगळं काय चुकलं?" मग तिनंच ममताचा हात धरून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. दोघींनी पुन्हा रक्त दिलं, या वेळी आपापलं. समता नॉर्मल आली. ममता वाहक.

बाप म्हणाला, कुणाला सांगू नका, लगन होऊन जाऊ द्या. आईनं ऐकलं नाही. मुलाकडच्यांना बोलावणं धाडलं, आणि सरांनाही. "तुमी सुरू केलं, तुमी बसा," असा निरोप होता.

मुलगा आला, त्याचा बाप आला, मामा आला. मुलगा दिसायला शांत, गोंदियाच्या एका दुकानात कामाला. आईनं काही न लपवता सांगितलं. मुलाचा बाप मान खाली घालून बसला. आपली पोरगी आठ वर्षं तळमळताना पाहिलेला माणूस, त्याला मी दोष देणार नाही. मामा सरांकडे वळला.

"मास्तर, तुमी कायले बोट घातलं?"

"घातलं खरं," सर म्हणाले.

मामा थोडा वेळ विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. खरंच सांगते, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मोडलेलं जुळवायलाच तो आला होता. "इहीनबाई, मंग एवढं काय टेन्शन घेता? समताचं कार्ड नॉर्मल हाये ना? तिलेच द्या. दिसाले त दोघी सारक्याच हायेत. पत्रिकेत नावच त बदलाचं हाये."

समता उठून आत गेली. ममता दारात उभी होती. ती मामाकडे पाहत नव्हती, मुलाकडे पाहत होती. मीही त्याच्याकडेच पाहत होते, आणि मनात म्हणत होते, बापू, काहीतरी बोल. त्यानं आत, समता गेली त्या दाराकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि म्हणाला, "तुमी सगळे म्हनत असान त माही ना नाइ."

"तुले चालते?" ममतानं विचारलं.

"आता का करू व? दोघी त सारक्याच हा तुमी."

ममता आत गेली, अंगठी घेऊन आली आणि मामाच्या समोर ठेवली. रडली नाही. "चार महिने मी बोलली," ती म्हणाली, "समता नाइ बोलली." तिनं मामाला खाली वाकून जयभीम केला आणि आईच्या बाजूला येऊन बसली. पाहुणे चहा न घेताच उठले.

सरांनी निघायला हवं होतं, पण ते बसून राहिले. गावात त्या दिवसापासून त्यांना 'लगन मोडणारा मास्तर' म्हणतात. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या बाजूच्या एकाही घरानं त्यांना जुळी दाखवली नाहीत. ते त्यांना त्या क्षणी ठाऊक असतं तरी ते बसलेच असते असं मला वाटतं.

समता आतून आली आणि बहिणीपासून जरा दूर टेकली. मग ममतानं आईला विचारलं, "आई, माह्यात अन् हिच्यात अजून का का येगळं हाये?"

आई सांगायला लागली. समता जन्मली ती रडतच, ममता रडलीच नाही, दाईनं पाठीत थापटली तेव्हा कुठे रडली. समताला बापाच्या खांद्यावर झोप यायची, ममताला कुणाच्याच अंगावर यायची नाही, खाली चटईवर ठेवावी लागायची. समता रागावली की बोलते, ममता रागावली की भांडी घासते. ती सांगत होती आणि दोघी मुली तिच्याकडे तोंड वर करून ऐकत होत्या. वीस वर्षं एका घरात राहून यातलं बरंचसं त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

"हे तू आतावरी काऊन नाइ सांगतलं?" ममता म्हणाली.

आईनं दोघींच्या केसांवरून हात फिरवला. "लोकं सारक्या म्हनत, अन् तुमी दोघी हासत होत्या," ती म्हणाली. "मले वाटे, हासून राहिल्या त हासू द्या."